माझ्या हिश्श्यापुरतं

पप्पा दर रविवारी मिस्साला जायचे आणि दर रविवारी कम्युनियन न घेता घरी यायचे.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. माझं फर्स्ट कम्युनियन नुकतंच झालं होतं, त्यामुळे रांगेत उभं राहायची भारी हौस. बाकावरची माणसं उठून वेदीकडे जायला लागली की पप्पा गुडघे बाजूला वळवून सगळ्यांना वाट करून द्यायचे आणि पुन्हा सरळ बसायचे. मला वाटायचं, रात्रपाळी करून आलेत, पाय दुखत असतील.

ज्यांनी मिस्सा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेणं, कॅथलिक माणसाच्या रविवारचा गाभा. त्याच्या आधी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. तिच्यात एक अट घातलेली आहे: आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. मग शांतीचं चिन्ह. आजूबाजूच्या माणसांकडे वळून हात जोडायचे, शांती असो म्हणायचं. मग कम्युनियन. क्रम असा बेमालूम लावलाय की पळवाट नाही. शिवाय मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने बजावून ठेवलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

आमचे काका चार बाकं पुढे बसायचे. शांतीच्या चिन्हाला ते मागे वळायचे. पप्पा त्या वेळी गायनाच्या पुस्तकात काहीतरी शोधत असायचे.

प्रकरण वाडीचं होतं. वसईत आमच्या बाजूला भांडणं वाडीचीच असतात. आजोबांची केळीची वाडी, एक विहीर, कडेला चार नारळ. २००३ साली आजोबा गेले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार आम्हा ख्रिस्ती लोकांत मुलगा-मुलगी यांचा हिस्सा सारखा. तरी आत्याने पहिल्याच वर्षी दोन्ही भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. तिला कोणी जबरदस्ती केली नाही. फक्त प्रत्येक जण तिला विचारत होता की भावांकडून वाडी घेणार का गं तू? दुसऱ्या वर्षी काकांनी पप्पांना सांगितलं, वारसनोंदीचे कागद आहेत, निबंधकाच्या कार्यालयात सही करायची आहे. पप्पा पाळीवरून परस्पर तिकडे गेले, दाखवलं तिथे सही केली, चहा पिऊन घरी येऊन झोपले. ती वारसनोंद नव्हती. तेही हक्कसोडपत्रच होतं. तीन वर्षांनी सातबारा काढला तेव्हा कळलं. २००९ मध्ये तिथे बिल्डरचा पत्रा लागला.

पप्पांनी केस केली नाही. भावाला कोर्टात कोण खेचतं, म्हणाले. मला पुढे कळलं की न वाचता सही केल्याची शरम त्यात जास्त होती.

तर ते चौदा वर्षं बाकावर बसून राहिले. मोठी झाल्यावर मी एकदा चिडून म्हटलं, पप्पा, ज्याने फसवलं तो रांगेत पहिला उभा असतो आणि तुम्ही बसून राहता, हे उलटं नाही का? ते म्हणाले, "त्याचं तो बघेल. मला ती प्रार्थना तोंडाने म्हणता येते, मनातून येत नाही. मग देवाला फसवून कशाला जायचं?" मला तेव्हा हा हट्ट वाटला. आता वाटतं, आमच्या अख्ख्या पॅरिशमध्ये ती प्रार्थना इतकी गांभीर्याने घेणारा दुसरा माणूस नसेल.

मे २०२१ मध्ये पप्पा कोविडने गेले. आत कोणालाच सोडत नव्हते, फादरांनाही नाही. शेवटच्या दिवसांत त्यांनी मनातून काय सोडलं, काय धरून ठेवलं, ते आम्हाला कळलं नाही.

गेल्या वर्षी काकांचा फोन आला. मी पुण्यात, ऑफिसात, रिलीजच्या गडबडीत. त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललंय हे मम्मीकडून कळलं होतं. "बाय, एकदा येऊन जा," ते म्हणाले. "तुझ्या पप्पाशी बोलायचं राहिलं. आता तुलाच विचारतो. माफ करशील का?"

मी "मीटिंग आहे, नंतर करते" म्हणून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

राग आला हे उघड आहे. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी टोचत होतं आणि ते काय आहे हे समजायला मला काही आठवडे लागले. मला विचारण्याचा यांना अधिकार काय, आणि उत्तर देण्याचा मला अधिकार काय? ज्याचं कर्ज होतं तो माणूस गेला. दुसऱ्याचं येणं मी कसं माफ करणार?

हा प्रश्न माझ्या आधी फार भयानक परिस्थितीत एका माणसाला पडला होता. सायमन विझेन्थाल हा ज्यू कैदी आजच्या युक्रेनमधल्या लविव शहराजवळच्या नाझी छावणीत होता. त्याला एका मरणासन्न तरुण एसएस सैनिकाच्या खाटेपाशी नेण्यात आलं. ज्यू कुटुंबांनी भरलेलं घर पेटवण्यात त्या सैनिकाचा हात होता, आणि मरण्याआधी त्याला एका ज्यू माणसाकडून क्षमा हवी होती. कोणत्याही एका. विझेन्थाल सगळं ऐकून एक शब्दही न बोलता उठून गेला. पुढे 'द सनफ्लॉवर' या पुस्तकात त्याने हा प्रसंग लिहिला आणि इतरांना विचारलं, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? नंतरच्या आवृत्त्यांमध्ये अनेक विचारवंतांची उत्तरं आहेत. ज्यू परंपरेतून आलेल्या कित्येकांचं म्हणणं साधारण असं की क्षमा ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करायची असते, आणि मेलेल्यांच्या वतीने कोणी बोलू शकत नाही. ख्रिस्ती उत्तरांचा कल क्षमेकडे जास्त.

मी ख्रिस्ती आहे आणि मला ज्यूंचं उत्तर पटलं. ही जरा अडचणच होती.

मग मी मत्तयचा अठरावा अध्याय पुन्हा वाचला. पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सातच्या सत्तरपट. आणि एक गोष्ट सांगतो. राजाचा एक सेवक, त्याच्यावर दहा हजार तालांतांचं कर्ज. राजा ते सोडून देतो. बाहेर पडताच त्याला शंभर दिनार देणं असलेला दुसरा सेवक भेटतो, तर हा त्याची मानगूट धरतो.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की पहिलं कर्ज डोंगराएवढं, दुसरं फुटकळ. सवयीने मी हिशेब केला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे पहिलं कर्ज ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. हे कर्ज नव्हेच, हा ओव्हरफ्लो आहे. पण शंभर दिनार? ती चार महिन्यांची मजुरी होते. फुटकळ कुठे आहे? माझा चार महिन्यांचा पगार कोणी बुडवला तर मीही मानगूट धरीन. ती रक्कम येशूने मुद्दाम खरी ठेवलीय, असं मला वाटतं. क्षमा करणाऱ्याला 'एवढं काय त्यात' असं म्हणायची सोय गोष्टीत नाही. दुखलं ते खरंच दुखलं, बुडालं ते खरंच बुडालं, आणि सोडायचं असेल तर हे मान्य करूनच सोडायचं.

मत्तयमधल्या प्रभूच्या प्रार्थनेतही मूळ ग्रीक शब्द कर्जाचाच आहे. आम्ही ती म्हणताना 'अपराध' म्हणतो, तेव्हा सगळं भावनेच्या प्रांतात जातं आणि मनात माया दाटून येईपर्यंत वाट बघावी लागते. कर्ज म्हटलं की सरळ प्रश्न येतो, नुकसान कोणाच्या खात्यावर पडणार? महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. कर्जमाफी होते तेव्हा पैसे हवेत विरत नाहीत. कोणीतरी ते सोसतं. क्षमा म्हणजे ते सोसणारा मी, असं ठरवणं. त्यासाठी काका आवडायला लागायची गरज नाही.

आणि त्या गोष्टीतलं आणखी एक मला पहिल्यांदाच दिसलं. तिथे प्रत्येकाने सोडायचं आहे ते स्वतःचं येणं. राजाने राजाचं, सेवकाने सेवकाचं. दुसऱ्याच्या वतीने कोणीच काही सोडत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू एका पक्षाघाती माणसाला तुझ्या पापांची क्षमा झाली असं म्हणतो, तेव्हा बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय हे कोण करू शकतं? आम्हाला ते शास्त्री नेहमी खलनायक म्हणून शिकवले. पण त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. येशूला तसं म्हणता येतं, कारण तो कोण आहे याबद्दल आमची एक श्रद्धा आहे. मला नाही म्हणता येत. मी पुण्यातली एक बॅकएंड डेव्हलपर.

इथे मला आत्याचं हक्कसोडपत्र आठवलं. कायद्याने माणूस फक्त स्वतःचा हिस्सा सोडू शकतो. दुसऱ्या सहहिस्सेदाराचा सोडू म्हटलं तर तो कागद रद्दीच.

या नजरेने पाहिलं तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स मला वेगळ्या दिसल्या. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहॅम आणि दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने त्यांना जाळून मारलं. ग्लॅडिसनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. त्या बारिपदाच्या कुष्ठसेवेच्या कामात पुढची काही वर्षं राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या चर्चमध्ये हे उदाहरण इतकं वापरलं जातं की ते गुळगुळीत झालंय. प्रवचनात सहसा राहून जातं ते हे, की त्यांची क्षमा ही खटल्याची माफी नव्हती. कायदा त्याच्या वाटेने गेला. खालच्या कोर्टाने मुख्य आरोपीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसनी सोडलं ते स्वतःचं, एका पत्नीचं आणि आईचं येणं. समाजाचं येणं सोडायला ते त्यांचं नव्हतंच.

सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात सावकारांच्या कचाट्यातल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या. १९९५ मध्ये बसमधून जाताना समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, पुढे तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. राखी! मारणाऱ्याला भाऊ करून घेणं हे त्या बहिणीच्याच हातात होतं. बहिणीच्या नात्याचा तो तिचा हिस्सा होता. २००६ मध्ये तो सुटला, त्या कुटुंबात येऊ-जाऊ लागला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं.

मी या दोघींच्या रांगेत बसत नाही. आमची एक वाडी गेली, माणसं नाही. पण हिस्सा किती मोठा यापेक्षा हिस्सा कोणाचा, हे मला त्यांच्याकडून कळलं.

आता एक गोष्ट इथेच बोलते, नाहीतर राहून जाईल. क्षमेबद्दल आमच्याकडे जे बोललं जातं त्यातलं बरंचसं आत्याच्या हक्कसोडपत्रासारखं असतं. वरवर राजीखुशीने. मार खाणाऱ्या बाईला सांगतात, क्षमा कर, ख्रिस्तानेही केली. एखाद्या लेकराचा छळ झाला की घराण्याची, संस्थेची अब्रू वाचवायला हाच शब्द पुढे येतो. ज्यांच्याकडून माफी हवीय त्यांच्याभोवती अख्खा गाव उभा राहतो, आणि ज्याने मागायला हवी त्याच्याभोवती कोणीच नाही. अठराव्या शतकात जोसेफ बटलर नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांमध्ये रागाची बाजू घेतली आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की अन्यायाचा राग येणं ही देवानेच दिलेली सोय आहे, तो राग माणसाला न्यायाच्या बाजूने उभं करतो. बिघडतं ते तो प्रमाणाबाहेर गेला, सूड झाला, की. म्हणजे माझ्या रागाला आधी 'तू बरोबर आहेस' असं म्हणायला हवं होतं. पप्पांना ते कोणीच म्हटलं नाही. सगळे म्हणाले, झालं गेलं विसर.

विसरण्याबद्दल माझं तांत्रिक मत असं आहे की ते होत नाही. डेटाबेसमध्ये आम्ही बऱ्याचदा ओळ खरी पुसत नाही, फक्त 'डिलीटेड' असा झेंडा लावतो. स्क्रीनवर दिसत नाही, आत सगळं शाबूत. माणसं 'मी कधीच विसरलो' म्हणतात तेव्हा बहुतेक हेच केलेलं असतं. त्यापेक्षा नोंद उघड ठेवून तिच्यापुढे 'येणं सोडलं' लिहिणं जास्त प्रामाणिक.

दादाला मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. तो टोरांटोत असतो. म्हणाला, "तुझं तू सोड. मी नाही सोडत." मी म्हटलं, फक्त विचार कर. तो म्हणाला, "ताई, तुला पप्पा कम्युनियनला बसून राहायचे ते आठवतं. मला ते रात्री दोन वाजता अंगणात बसलेले आठवतात." मी गप्प झाले. त्याचाही हिस्सा आहे. त्याच्यावर गाव गोळा करणारी मी कोण?

मम्मीला विचारायची गरज पडली नाही. ती गेले सहा महिने दर डायलिसिसच्या दिवशी काकूंच्या हाती डबा देत होती, मीठ कमी असलेला. माफ केलं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत. त्यांच्याकडे करायला कोण आहे?"

जायच्या आधी मी पापनिवेदनाला गेले. तीन वर्षांनी. फादरना म्हटलं, क्षमा करायची इच्छाच होत नाही. ते म्हणाले, इच्छा व्हावी अशी तरी इच्छा आहे का? मी म्हटलं, असावी. ते म्हणाले, तेवढ्यावर निघ.

काका खाटेवर बसले होते, हाताला पट्टी. बारीक झालेले. पप्पांसारखे दिसत होते, आणि याची मी अजिबात तयारी केली नव्हती. काकूंनी चहा आणला. काका त्यांच्या मोजून दिलेल्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. बराच वेळ आम्ही पावसाबद्दल बोललो.

मग मी ट्रेनमध्ये ठरवून आलेलं वाक्य बोलले. "काका, तुम्ही पप्पांना फसवलंत. ते आधी म्हणायला हवं."

ते म्हणाले, "हो."

एवढंच. वीस वर्षांत आमच्या घराण्यात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मला वाटलं होतं ते कारणं सांगतील, तेव्हाचं कर्ज, आजीचं आजारपण. काहीच सांगितलं नाही.

"माझा जो काही हिस्सा होता त्यात, तो मी सोडला," मी म्हटलं. "वाडीचा नाही म्हणत. पप्पांचे ते रविवार माझ्याही वाट्याला आले, ते. ते मी तुमच्याकडे आता मागणार नाही. पण पप्पांचं मी सोडू शकत नाही. ते माझं नाही. दादाचंही नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तुझ्या पप्पाचं मी कोणाकडे मागू?"

मला उत्तर ठाऊक होतं, धर्मशिक्षणाच्या वर्गातलं. देवाकडे. पण ते माझ्या तोंडून त्यांना स्वस्त पडलं असतं असं वाटलं, म्हणून मी ते म्हटलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला, पट्टी नसलेला. तो गार होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या विहिरीचं पाणी गोड होतं बघ." मी म्हटलं, हो, मला आठवतं.

या वर्षी उपवासकाळात ते गेले. अंत्यविधीला मम्मी आणि मी दोघी होतो. शांतीच्या चिन्हाला मी मागे वळले, तर मागच्या बाकावर काकूंचा धाकटा मुलगा होता. आम्ही हात जोडले. कम्युनियनला मी रांगेत उभी राहिले, आणि वेदीपर्यंत पोचेपर्यंत डोक्यात पप्पांचे बाजूला वळवलेले गुडघे होते.

सोडलं म्हणून संपलं, असं झालेलं नाही. गेल्या महिन्यात ऑफिसातून येताना फोनवर फ्लॅटची जाहिरात आली. अॅपला मी वसईची आहे हे कुठून तरी कळलेलं असतं. दोन बीएचके, हवेशीर, गार्डन फेसिंग. फोटो मोठा करून पाहिला. त्या गार्डनमध्ये, जिथे मुलांची घसरगुंडी आहे, तिथे आमची विहीर होती. पोटात तेच जुनं पेटलं, अगदी पहिल्यासारखं. मी बसमध्ये बसून राहिले, आणि माझा हिस्सा पुन्हा एकदा सोडला. स्वारगेट यायला अजून वेळ होता. जाहिरात बंद केली, तर अॅपने विचारलं, ही का आवडली नाही? चार पर्याय होते. मी कुठलाच निवडला नाही.